ज्वारीच्या ब्रँडचे दहा दिवसांचे उपाहारगृह: आखणीपासून उतरवणीपर्यंत

एखाद्या खाद्य ब्रँडला आठ-दहा दिवसांचे पॉप-अप उपाहारगृह उभारायचे असते, तेव्हा पहिल्या बैठकीत बहुधा रंगसंगती, बोधचिन्हाचा आकार आणि छायाचित्रे काढण्यासाठीचा कोपरा यांवरच बोलणे होते. मी ती चर्चा थोडी पुढे ढकलतो आणि आधी एक प्रश्न विचारतो: तुमच्या मालातून कोणता एक पदार्थ ग्राहकाच्या डोळ्यांदेखत तयार होणार आहे, आणि तो करणाऱ्या माणसाचे हात कसे चालतात? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ओट्याची उंची, विजेचा भार, रांगेची लांबी, पाण्याची टाकी आणि पाटीवरचे अक्षर यांतील बहुतेक गोष्टी त्यातूनच ठरत जातात. उत्तर मिळाले नाही, तर कितीही देखणी मांडणी केली तरी ते ब्रँडचे नाव लावलेले एक साधे खाद्यदालन राहते.

हे नीट उलगडावे म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. समजा, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पीठ, रवा, लाह्या आणि पोहे विकणारा एक छोटा ब्रँड आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्यामुळे ज्वारीचे महत्त्व ग्राहकाला पटवून देण्याची फारशी गरज उरलेली नाही. अडचण वेगळीच आहे. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत भाकरी थापणारे हात आता नाहीत, म्हणून पिठाचे पाकीट घरी नेऊन पुढे काय करायचे, येथे ग्राहक अडतो. या ब्रँडच्या उपाहारगृहाचे काम ठरले ते असे: गरम भाकरी खाऊ घालायची, ती थापताना दाखवायची, आणि जाताना ग्राहकाच्या पिशवीत पीठ असेल याची सोय करायची.

तारीख आणि जागा

शेतमालावर उभ्या असलेल्या ब्रँडची तारीख पिकाने ठरवावी. रब्बी ज्वारीचा हुरडा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मिळतो आणि नवे धान्य फेब्रुवारी-मार्चनंतर बाजारात येऊ लागते. हुरडा हे आकर्षण ठेवायचे असेल तर हिवाळा गाठायला हवा. नव्या ज्वारीचे पीठ विकायचे असेल तर मार्च बरा. दोन्ही एकाच वेळी साधण्याचा हट्ट धरू नये. हिवाळ्याचा आणखी एक फायदा असा, की पुण्यातील भीमथडी जत्रा आणि मुंबईतील काळा घोडा कला महोत्सव यांसारख्या ठिकाणी याच दिवसांत खाण्यासाठी बाहेर पडलेला माणूस आयता भेटतो. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला हुरडा मोकळ्या मैदानात, आयोजकांची परवानगी असेल तरच शक्य आहे. मॉलमध्ये जागा घेतली असेल तर तो पदार्थ यादीतून काढून टाकावा. विजेच्या शेगडीवर कढईत परतलेल्या हुरड्याला निखाऱ्याचा वास येत नाही, आणि ज्याने शेतावर हुरडा खाल्ला आहे तो ग्राहक पहिल्या घासालाच निराश होतो.

जागा पाहायला जाताना मोजपट्टी, होकायंत्र आणि भरपूर वेळ सोबत न्यावा. एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी संध्याकाळी, ज्या वेळी खरी गर्दी असते त्या वेळी तेथे उभे राहून माणसे कोणत्या बाजूने येतात, कोठे रेंगाळतात आणि कोठून घाईने निघून जातात हे पाहावे. मैदानात जमिनीचा उतार, पश्चिमेचे ऊन, वाऱ्याची दिशा, पाण्याच्या नळापासूनचे अंतर आणि मालवाहू गाडी किती जवळ येते हे टिपून घ्यावे. मॉलमध्ये यांखेरीज सेवा-लिफ्टच्या दाराची उंची, रुंदी आणि आतली खोली स्वतः मोजावी, दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर विसंबू नये. ही चूक मी स्वतः केलेली आहे. कळवलेले माप खरे धरून मी सात फुटांचे एकसंध काउंटर बनवले आणि उभारणीच्या रात्री, अकरा वाजल्यानंतर, ते लिफ्टच्या दारासमोर करवतीने कापावे लागले. मॉलमधील उभारणीला बहुधा रात्रीचेच तास मिळतात, त्यामुळे तेथे चूक दुरुस्त करायला दुसरा दिवस नसतो.

आकडे आधी, आराखडा नंतर

पदार्थांची यादी जितकी लहान तितके उपाहारगृह चांगले चालते. आपल्या उदाहरणात चार पदार्थ पुरेत: भाकरी, पिठले आणि ठेचा यांचे ताट, ज्वारीच्या लाह्यांची भेळ, ज्वारीच्या पिठाचे थालीपीठ, आणि ताक. कोपनहेगनच्या ‘नोमा’ या उपाहारगृहाने २०१५च्या सुरुवातीला टोकियोत काही आठवड्यांसाठी मुक्काम हलवला, तेव्हा डेन्मार्कमधले पदार्थ तसेच तेथे न नेता जपानी सामग्रीवर नवी यादी बांधली होती. इतक्या मोठ्या खटाटोपाची गरज आपल्याला नाही, पण नेहमीची यादी नव्या जागी जशीच्या तशी उचलून नेता येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जागा, चूल आणि वेळ यांना झेपतील तेवढेच पदार्थ ठेवावेत.

आता हिशेब. समजा, दिवसाला दोनशे ताटे विकली जावीत अशी अपेक्षा आहे. संध्याकाळी सात ते साडेनऊ या अडीच तासांत त्यांपैकी सुमारे एकशे वीस ताटे जातील असे धरले, तर तासाला ४८ ताटे, म्हणजे दर ७५ सेकंदांना एक ताट द्यावे लागेल. सरावलेली बाई दोन तव्यांवर तासाला साधारण तीस भाकऱ्या उतरवते असे गृहीत धरू. हा आकडा मात्र प्रत्येकाने आपल्या माणसांबरोबर घड्याळ लावून तपासावा, कारण घरी सहा भाकऱ्या करणे आणि सलग अडीच तास भाकऱ्या थापत राहणे यांत मोठा फरक आहे. प्रत्येक ताटात एक भाकरी असेल तर दोन बायका आणि चार तवे लागतील, आणि तासाला साठ भाकऱ्यांची क्षमता हाती असल्याने थोडी सवडही राहील. तिसरी बाई केवळ विश्रांतीच्या पाळीसाठी असावी. भाकरी थापणारीला सलग तीन तास आचेपुढे उभे करणे अन्यायाचे आहे, आणि दमलेल्या हाताची भाकरी फुगतही नाही.

बसण्याच्या जागांचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. तासाला ४८ माणसे येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी २५ मिनिटे थांबत असेल, तर एका वेळी सुमारे वीस माणसे आत असतात. बसून खाणाऱ्या प्रत्येकाला येण्याजाण्यासकट साधारण बारा चौरस फूट जागा लागते, म्हणजे बैठकीलाच २४० चौरस फूट गेले. वीस बाय वीस फुटांच्या जागेत मग स्वयंपाक, काउंटर आणि विक्रीची मांडणी यांसाठी १६० चौरस फूट उरतात आणि रांग बाहेर येते. त्यामुळे मी अशा ठिकाणी निम्म्या जागा बसण्याच्या ठेवतो आणि निम्म्यांसाठी ४२ इंच उंचीचे उभ्याने खाण्याचे फळे लावतो. उभा माणूस कमी जागा घेतो आणि लवकर निघतो. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले असलेली कुटुंबे यांच्यासाठी मात्र पाठीचा आधार असलेल्या खुर्च्या राखून ठेवाव्यात. भाकरीच्या ओढीने येणाऱ्यांत आजी-आजोबांची संख्या मोठी असते.

भाकरीचा ओटा

उपाहारगृहाचे केंद्र भाकरीचा ओटा असल्यामुळे त्याची आखणी सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने करावी. स्वयंपाकघरातील ओटा साधारण ३४ इंच उंच असतो, परंतु भाकरी थापताना तळव्याचा दाब वरून खाली पडावा लागतो आणि एवढ्या उंचीवर खांदे उचलले जाऊन दुखू लागतात. त्यासाठी थापण्याचा भाग ३० ते ३२ इंचांवर घ्यावा आणि नेमकी उंची भाकरी करणाऱ्या बायकांना समोर उभे करून ठरवावी. परंपरेने भाकरी खाली बसून काथवटीत थापतात, आणि ओटा उंचावून बाईला त्यावर बसवावे अशी सूचना हमखास येते. दिसायला ते छान दिसते, पण गर्दीच्या जागी आचेशेजारी बसलेल्या माणसाला प्रसंगी झटकन उठून बाजूला होता येत नाही, म्हणून मी ती सूचना मान्य करत नाही. बाईने उभे राहूनच काम करावे, अंगात सुती कपडे आणि पदर पूर्ण झाकणारा एप्रन असावा, आणि पायाखाली रबराची जाड चटई असावी.

परात किंवा काथवट उजव्या हाताला, तवा समोर आणि पिठाचा डबा डावीकडे हवा, की उलट, हे बाईच्या सवयीवर सोडावे. आधणाचे पाणी मात्र हाताच्या टप्प्यात, न वाकता मिळेल असे ठेवावे. पीठ रोज लागेल तेवढेच दळून आणावे. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना चिरते, आणि ज्या ब्रँडचे पीठच विकायचे आहे त्याच्या ओट्यावर चिरलेली भाकरी दिसणे परवडणारे नाही. ग्राहक आणि तवा यांच्यामध्ये कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच उभी करावी. ती ओट्याच्या पृष्ठभागापासून सुमारे एक फूट वर आली की लहान मुलांचे हात आत पोहोचत नाहीत आणि थापणाऱ्या हातांचे दर्शनही अडत नाही. थापण्याचा तो ठेका कानावर पडला पाहिजे, म्हणून या ओट्याच्या दहा फुटांच्या आत ध्वनिक्षेपक लावू नये. पदार्थ करणारी व्यक्ती दिसेल आणि ऐकू येईल एवढी काळजी घेतली, की जाहिरातीच्या फलकांवरील निम्मा मजकूर कमी करता येतो.

रांग या ओट्यासमोरून जावी, पैसे देण्याचा काउंटर तिच्या सुरुवातीला असावा आणि ताट हातात पडण्याची जागा शेवटी. माणूस थांबलेला असताना त्याला काहीतरी पाहायला मिळते, म्हणून थांबणे जाचत नाही. पिठाच्या पाकिटांची मांडणी मात्र रांगेत न ठेवता बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावी, कारण खाण्याआधी कोणी पीठ घेत नाही आणि हातात ताट असताना तर घेऊच शकत नाही. एका माणसाला सहज जायला तीन फूट, दोन माणसांना एकमेकांना ओलांडायला चार फूट वाट लागते. ओट्यामागे काम करणाऱ्यांसाठी किमान साडेतीन फूट सोडावेत. उष्टी ताटे परत नेण्याचा मार्ग गरम ताटांच्या मार्गाला कोठेही छेदू नये.

वीज, गॅस आणि पाणी

विजेचा भार कागदावर मांडल्याशिवाय आयोजकाकडे जोडणी मागू नये. आपल्या उदाहरणात शीतपेटी ४०० वॅट, पदार्थ गरम ठेवण्याच्या दोन पेट्या प्रत्येकी दीड किलोवॅट, पाणी उकळण्याचे यंत्र दोन किलोवॅट, मिक्सर ७५० वॅट, दिवे ५०० वॅट, धूर बाहेर काढणारा पंखा २५० वॅट आणि बिलाचे यंत्र १०० वॅट धरले, तर बेरीज सात किलोवॅट होते. एका फेजवर ३२ अँपिअरची जोडणी २३० व्होल्टला सुमारे ७.४ किलोवॅट देते, म्हणजे आपण काठावर उभे आहोत. येथे तीन-फेज जोडणी मागावी, किंवा पाणी गॅसवर उकळावे. तवे विजेवर चालवायचे झाले तर तीन-फेजशिवाय गत्यंतर नाही. प्रत्येक मंडळावर, म्हणजे सर्किटवर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ) आणि संपूर्ण जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ) बसवावा. ओल्या हातांनी काम चालणाऱ्या जागी ही चैन नाही. शीतपेटीचे मंडळ वेगळे ठेवावे, म्हणजे रात्री बाकी सर्व बंद करताना ती चुकून बंद होत नाही.

गॅस वापरायचा तर १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच वापरावेत. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरणे बेकायदा आहे. सिलिंडर उभे, हवेशीर जागी, ग्राहकांच्या वाटेपासून दूर आणि कुलूपबंद जाळीत ठेवावेत. प्रमाणित नळी, रेग्युलेटर आणि जोड रोज सकाळी साबणाच्या पाण्याने तपासावेत. सहा किलोचे एबीसी प्रकारचे, म्हणजे वेगवेगळ्या आगींवर चालणारे, अग्निशामक आणि आग विझवण्याची घोंगडी ओट्याजवळ, पण आगीच्या पलीकडे हात घालावा न लागता मिळेल अशा जागी टांगावी. थालीपिठासाठी तव्यावर तेल सोडणे वेगळे आणि कढईभर तेल तापवणे वेगळे. दुसरे टाळता आले तर जोखमीचा मोठा भाग कमी होतो.

पाणी हा असा विषय आहे की ज्याकडे कॅफेचे आराखडे करणारे अनेक जण पाहतच नाहीत. भाकरी हाताने खायची असल्यामुळे ग्राहकाला खाण्यापूर्वी आणि नंतर हात धुवायला जागा हवी, आणि ती आत शिरताच दिसायला हवी. दोनशे माणसांनी माणशी एक लिटर वापरले तरी दोनशे लिटर येथेच लागतात. ओट्यामागे कर्मचाऱ्यांसाठी हात धुण्याचे वेगळे भांडे हवे. मैदानात नळ नसेल तर पाचशे लिटरची टाकी चार फूट उंच चबुतऱ्यावर ठेवावी. भरलेल्या टाकीचे वजन अर्धा टन होते हे लक्षात घेऊन तो चबुतरा लोखंडी असावा. सांडपाण्यासाठी तेवढ्याच मापाची दुसरी टाकी लागते आणि ती रोज कोण, कोठे रिकामी करणार हे आयोजकाकडून लेखी घ्यावे. ताटे स्टीलची वापरायची तर ती जागेवर घासण्याचा विचार सोडून द्यावा. दोनशे-अडीचशे ताटे क्रेटमध्ये भरून रात्री मुख्य स्वयंपाकघरात न्यावीत. तसे जमत नसेल तर पळसाच्या पत्रावळी किंवा सुपारीच्या पानांची ताटे घ्यावीत. प्लास्टिकची ताटे, पेले आणि चमचे यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

सांगाडा

तात्पुरते बांधकाम म्हणजे कच्चे बांधकाम असा समज असतो, तो काढून टाकावा. दहा दिवस चालून पुन्हा तीन-चार ठिकाणी उभे राहायचे असलेले काउंटर दुकानातल्या काउंटरपेक्षा जास्त मजबूत लागते, कारण त्याला दर वेळी उचलणे, रचणे, धक्के खाणे आणि पुन्हा जोडले जाणे सोसावे लागते. मी दीड इंची चौरस लोखंडी नळ्यांचा सांगाडा पावडर कोटिंग करून घेतो आणि त्यावर १८ मिलिमीटर प्लायचे फळे नट-बोल्टने बसवतो. प्लाय पाण्याजवळच्या भागात आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे मरीन असावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फळा, स्वस्त आणि गुळगुळीत असते, पण पहिल्याच धुण्यात कडेने फुगते, म्हणून ते कोरड्या फलकांपुरतेच ठेवावे. खिळे आणि लाकडात थेट घुसणारे स्क्रू दोन-तीन वेळा काढघाल केल्यावर पकड सोडतात. जोड नट-बोल्टचेच असावेत.

सर्व भागांची मापे वाहनावरून ठरवावीत. आपल्याकडे सामान बहुधा ‘छोटा हत्ती’तून जाते, आणि त्याच्या मागच्या हौद्याची लांबी साधारण सात फूट, रुंदी पावणेपाच फूट असते. कोणताही भाग साडेसहा फुटांपेक्षा लांब, चार फुटांपेक्षा रुंद आणि ४० किलोंपेक्षा जड नसेल अशी शिस्त पाळली, की दोन माणसे तो उचलू शकतात आणि तो जिना, लिफ्ट, गल्ली या सर्वांतून जातो. अठरा मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा पूर्ण तक्ताच जवळपास पस्तीस किलो भरतो, यावरून वजन किती पटकन वाढते हे कळेल. प्रत्येक भागावर मागच्या बाजूने ठसठशीत क्रमांक घालावा, आणि ज्या बोल्टने तो जोडायचा त्यांची पिशवी त्याच क्रमांकाने त्याच भागाला बांधावी.

मैदानात जमीन कधीच सपाट नसते. चार इंच उंचीचा लाकडी मंच फिरवून उंची कमी-जास्त करता येणाऱ्या पायांवर बसवून समतल केला, तर वायर आणि पाण्याची नळी त्याखालून जाते आणि कोणी अडखळत नाही. मंच आला की उतार आला: चार इंच चढायला किमान चार फूट लांबीचा उतार ठेवावा, म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी विनासायास वर येते. वरचे छत वाऱ्याने उचलले जाऊ नये म्हणून प्रत्येक खांबाला वजन बांधावे. पाण्याने भरलेले दोनशे लिटरचे पिंप दोनशे किलोंचा आधार देते आणि परतताना रिकामे होते. हिवाळ्यातही अवकाळी पाऊस येतो, त्यामुळे विजेच्या पेट्या जमिनीपासून दोन फूट वर घ्याव्यात.

हे सारे जुळले की नाही ते पाहण्यासाठी संपूर्ण उपाहारगृह आधी कारखान्यातच एकदा उभे करावे, दिवे लावावेत, मग मोडावे आणि पुन्हा उभे करावे. सुतार, फॅब्रिकेटर आणि वायरमन या तिघांनाही त्या दिवशी हजर ठेवावे. पहिली उभारणी चुका दाखवते आणि दुसरी वेळ दाखवते. दुसऱ्या उभारणीला जितके तास लागले त्याच्या दीडपट तास आयोजकाकडे मागावेत.

रूप, प्रकाश आणि पाटी

ज्वारी म्हटले की बैलगाडीचे चाक, शेणाने सारवलेल्यासारखा रंगवलेला पडदा आणि कडब्याचे छप्पर असा देखावा सुचवला जातो. कडबा आणि गवत चुलीच्या जागी ठेवणे धोक्याचे आहे, एवढे कारण खरे तर पुरे आहे. त्याहून मोठे कारण असे, की मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने पिकवलेले धान्य समोर असताना नाटकातले गाव उभारण्याची गरज नसते. धान्यच दाखवावे. काचेच्या बरण्यांत मालदांडीचे टपोरे मोतिया दाणे, शेजारी रवा, पीठ, लाह्या, पोहे, आणि एक खरे कणीस हातात घेता येईल असे. एवढी एक भिंत पुरते. शेतकऱ्याचे छायाचित्र लावायचे तर त्याच्या संमतीने आणि त्याच्या नावासकट लावावे.

दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, उबदार छटेचे आणि रंग अचूक दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९०च्या वरचे घ्यावेत. पांढऱ्या थंड प्रकाशात ज्वारीची भाकरी राखाडी दिसते आणि पिठल्याचा पिवळा रंग मरतो. पाटीचे अक्षर किती मोठे असावे याचा पाटी रंगवणाऱ्यांचा साधा हिशेब आहे: दर दहा फुटांना एक इंच. साठ फुटांवरून नाव वाचता यावे असे वाटत असेल तर अक्षर सहा इंचांचे हवे, आणि देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजावी, वेलांटी, मात्रा आणि उकार यांसाठी वर-खाली वेगळी जागा सोडावी. इंग्रजी नावाच्या मापात मराठी नाव कोंबल्यामुळे उकार कापले गेलेल्या पाट्या पाहून वाईट वाटते. दरफलकावर पदार्थाचे नाव, त्यात काय आहे आणि किंमत यांपलीकडे काही लिहू नये.

परवानग्या आणि रंगीत तालीम

कागदपत्रांना जागा निश्चित झाल्याच्या दिवशीच हात घालावा. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली तात्पुरत्या दुकानालाही नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि ब्रँडकडे पीठ बनवण्याचा परवाना आहे म्हणून तयार पदार्थ वाढण्याचीही मुभा आहे असे गृहीत धरू नये. चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा. पाकिटांवर निव्वळ वजन, कमाल किंमत आणि तारीख छापलेली असावी. अग्निशमन विभागाची ना-हरकत आयोजकाने घेतली असली तरी तिची प्रत मागून घ्यावी. ध्वनिमुद्रित संगीत लावायचे तर त्याचा परवाना वेगळा लागतो, आणि मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद व्हायला हवा. महाराष्ट्रातील ब्रँड गोव्यात विक्री करणार असेल आणि तेथे जीएसटीची नोंदणी नसेल, तर नैमित्तिक करदाता म्हणून किमान पाच दिवस आधी अर्ज करावा लागतो. ही नोंदणी ९० दिवसांपर्यंत चालते आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो.

अन्नाच्या तापमानाबाबत दोन आकडे सर्व कर्मचाऱ्यांना पाठ असावेत: थंड ठेवायचे ते पाच अंशांच्या खाली, गरम ठेवायचे ते साठ अंशांच्या वर. ताक आणि ठेचा शीतपेटीत, पिठले गरम पेटीत, आणि दर दोन तासांनी तापमापकाने घेतलेली नोंद वहीत. पिठले ठेवल्यावर घट्ट होत जाते, त्यामुळे ते मोठ्या पातेल्यात एकदम न करता वीस-वीस ताटांच्या घाण्याने जागेवरच करावे.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तीस माणसांना जेवायला बोलवावे आणि ती सर्व अर्ध्या तासात येतील असे पाहावे. त्या गर्दीत पैसे घेणारा अडकतो की ताट वाढणारा, हात धुण्याच्या जागी चिखल होतो का, भाकरीच्या ओट्यामागे उकाडा किती होतो, हे कळते, आणि दुरुस्तीला एक रात्र हाती असते. प्रत्यक्ष दहा दिवसांत तासागणिक विकलेली ताटे, उरलेले अन्न, विकलेली पाकिटे आणि ग्राहकांनी विचारलेले प्रश्न यांची नोंद ठेवावी. ‘पाणी किती गरम घ्यायचे?’ हा प्रश्न जर पन्नास जणांनी विचारला, तर त्याचे उत्तर पुढच्या पाकिटावर छापायला हवे.

उतरवणी

शेवटच्या दिवशी विक्री एक तास आधी थांबवावी, कारण आयोजकाने दिलेली जागा रिकामी करण्याची वेळ बहुधा कडक असते. आधी अन्न आणि शीतपेटी, मग गॅस, मग वीज, मग फलक, आणि सांगाडा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. वायरमनने जोडणी तोडल्याचे सांगितल्याशिवाय कोणीही दिव्यांना हात लावू नये. उरलेले चांगले अन्न कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून त्यांची गाडी बोलावून ठेवावी. प्रत्येक भाग पुसून, कोरडा करून, क्रमांकाप्रमाणे गाडीत चढवावा आणि मोडलेल्या, वाकलेल्या किंवा हरवलेल्या वस्तूंची यादी तिथल्या तिथे, सुतार समोर असतानाच लिहावी. मैदानातील खड्डे बुजवून, तेलाचे डाग धुऊन, मोकळ्या जागेची छायाचित्रे तारखेसह काढून आयोजकाला पाठवली, की अनामत रक्कम मागताना वाद होत नाही. तवे मात्र गाडीत टाकू नयेत. ते रापलेले असतात, दुसऱ्या हाती गेले की बिघडतात, म्हणून ज्या बायकांनी त्यांवर भाकऱ्या केल्या त्यांच्याच ताब्यात पुढच्या वेळेपर्यंत द्यावेत.